गुडघ्यासाठी काढलेला स्कॅन आणि त्यात दिसलेले बाकीचे

रोबोटच्या मदतीने गुडघा बदलायचा ठरला की बऱ्याच यंत्रणांमध्ये शस्त्रक्रियेआधी पायाचा सीटी स्कॅन करावा लागतो. हा स्कॅन आजार शोधण्यासाठी नसतो. आजार आधीच ठाऊक असतो. गादी झिजली आहे, पाय बाकदार झाला आहे, वसई रोड स्थानकाचा जिना चढवत नाही, हे एक्स-रेने आणि स्वतः रुग्णाने सांगितलेलेच असते. स्कॅन लागतो तो हाडांचा त्रिमितीय नकाशा तयार करण्यासाठी, म्हणजे कोणत्या कोनात किती मिलिमीटर हाड कापायचे हे टेबलावर जाण्याआधीच ठरवता येते. पण किरणांच्या वाटेत जे जे येते ते सगळे त्या स्कॅनमध्ये उमटते. ओटीपोटातली गाठ, वाढलेले प्रोस्टेट, मांडीच्या हाडातला डाग, धमनीचा फुगा. गुडघ्याच्या तयारीत निघालेल्या या गोष्टी वाचायच्या कोणी, रुग्णाला सांगायच्या कोणी आणि पुढे त्यांचा पाठपुरावा करायचा कोणी, हे आपल्याकडे अजून नीट ठरलेले नाही. पश्चिम रेल्वेच्या मार्गावर रोबोटिक गुडघ्यांच्या जाहिराती आता जागोजागी दिसतात. वसई-विरारमधले रुग्ण कोणी गावातच, कोणी मीरा रोड, बोरिवली, अंधेरीला जाऊन ही शस्त्रक्रिया करून घेतात. म्हणून हा प्रश्न आता आपल्या दारातला आहे.

गुडघ्याच्या स्कॅनमध्ये ओटीपोट कसे येते, हे आधी पाहू. नवा गुडघा सरळ बसवायचा तर पायाचा भार ज्या रेषेतून जातो ती रेषा काढावी लागते. ती खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत जाते. त्यामुळे खुबा, गुडघा आणि घोटा अशा तिन्ही ठिकाणचे छेद घ्यावे लागतात. खुब्याचे छेद घेताना कटिभागाचा मोठा हिस्सा आपोआप येतो: मूत्राशय, पुरुषांत प्रोस्टेट, स्त्रियांत गर्भाशय आणि अंडाशय, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, जांघेतल्या लसीका ग्रंथी. मधल्या मांडीचा आणि नडगीचा बराचसा भाग मात्र अनेकदा वगळतात, किरणांची मात्रा कमी राहावी म्हणून. त्यामुळे हा स्कॅन ना पूर्ण पायाचा, ना पूर्ण पोटाचा. तो स्वच्छ आला म्हणून कोणाला सगळे ठीक असल्याचे प्रमाणपत्र मिळत नाही. खुबा बदलायचा असेल तर संपूर्ण कटिभागच घेतला जातो आणि अशा गोष्टी दिसण्याची शक्यता आणखी वाढते.

सगळ्या यंत्रणांना हा स्कॅन लागतो असेही नाही. हाडावर काम करणारा रोबोडॉक 1992 मध्ये अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोत खुब्याच्या शस्त्रक्रियेत प्रथम माणसावर वापरला गेला, तोही सीटीच्या आधाराने. आज सर्वाधिक बोलबाला असलेली मॅको ही यंत्रणा सीटीवर चालते. ती बनवणारी कंपनी स्ट्रायकरने 2013 मध्ये विकत घेतली. कोरियाची क्यूव्हिस जॉइंटही सीटीवरच चालते. भारतात ती पालघरच्या सीमेपलीकडे वापीत असलेल्या मेरिल कंपनीमार्फत येते. याउलट कोरी आणि वेलिस या यंत्रणांत शस्त्रक्रियेच्या टेबलावरच हाडाचे बिंदू टिपून नकाशा बनवतात, आणि रोझाचे काम एक्स-रेवर किंवा कोणत्याही प्रतिमेशिवाय होते. म्हणून रुग्णाने पहिला प्रश्न हाच विचारावा की आपल्या शस्त्रक्रियेला सीटी लागणार आहे का.

आता त्या स्कॅनमध्ये काय दिसते ते पाहू. अमेरिकेतल्या रुग्णालयांनी आपल्या रुग्णांचे असे स्कॅन मागे वळून तपासले आणि अहवाल छापले. त्यांचा सूर सारखाच आहे: गुडघ्याशी संबंध नसलेले काही ना काही पुष्कळांत दिसते, त्यातले बहुतेक निरुपद्रवी असते, थोड्यांना पुढची तपासणी लागते आणि शस्त्रक्रिया खरोखर पुढे ढकलावी लागणारे फारच थोडे. वय पाहिले तर यात आश्चर्य नाही. गुडघा बदलणारा माणूस बहुधा साठीच्या पुढचा असतो. त्या वयात आतड्याला छोट्या पिशव्या असतात, गर्भाशयात कॅल्शियम साचलेले जुने फायब्रॉइड असतात, जांघेत हर्निया असतो, प्रोस्टेट वाढलेले असते. मधुमेहींच्या धमन्यांत चुन्याच्या रेघा दिसतात. हाडात पांढरे टिपके असतात, ज्यांना रेडिऑलॉजिस्ट 'बोन आयलंड' म्हणतात आणि सोडून देतात.

त्यातच कधी कधी गंभीर काही निघते. मूत्राशयाच्या भिंतीवरची वाढ. पाळी थांबून वर्षे लोटलेल्या स्त्रीच्या अंडाशयात, नुसते पाणी नसून घट्ट भाग असलेली गाठ. कटीच्या हाडात अनेक पांढरे डाग, जे प्रोस्टेटचा कर्करोग हाडात पसरल्याची खूण असू शकतात. पोखरल्यासारखी छिद्रे, जी मल्टिपल मायलोमाचा संशय जागा करतात. गुडघ्यामागच्या धमनीचा फुगा, जो निम्म्या रुग्णांत दोन्ही पायांत असतो आणि ज्यांना तो असतो त्यांच्या पोटातली महाधमनीही तपासून पाहावी लागते. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला कूर्चेची गाठ सापडणे तर बऱ्यापैकी नेहमीचे. ती बहुधा निरुपद्रवी असते, पण नवा सांधा ज्या हाडात बसवायचा त्याच हाडात ती असल्यामुळे सर्जनला तिच्याकडे काणाडोळा करता येत नाही.

एक मर्यादा इथे लक्षात घ्यायला हवी. हा स्कॅन शिरेत औषध न सोडता, म्हणजे कॉन्ट्रास्टशिवाय काढलेला असतो आणि त्याची मांडणी हाडांसाठी असते. मऊ अवयव त्यात धूसर दिसतात. म्हणून अहवालात 'सोनोग्राफी करून पाहावी', 'रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे' अशी वाक्ये वारंवार येतात. ती वाचून घरच्यांच्या पोटात गोळा येतो. खरे तर त्या वाक्यांचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की या चित्रावरून ठाम सांगता येत नाही.

अमेरिकी याद्यांत आपल्याकडचे सगळे बसत नाही, असे मला वाटते. आपल्या भागात क्षयरोगाच्या जुन्या खुणा, म्हणजे कॅल्शियम साचलेल्या ग्रंथी किंवा खुब्याच्या सांध्यातली जुनी झीज, याकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. धातूचा सांधा बसवल्यावर दबलेला क्षय पुन्हा उसळू शकतो, हे अस्थिरोगतज्ज्ञांना ठाऊक आहे. रुग्णाला लहानपणी क्षयाची औषधे दिली होती का, हे विचारल्याशिवाय कळत नाही आणि त्या डागाचा अर्थ त्या उत्तरावर ठरतो. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू या पालघरच्या आदिवासी तालुक्यांत सिकलसेल आढळतो, आणि त्यात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू शकते. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेल्यांतही हेच दिसले; मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये अशा तीन रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापली. गुडघ्याच्या नियोजनात हे फार महत्त्वाचे आहे, कारण खुब्याचे दुखणे कित्येकदा गुडघ्यात जाणवते. ज्याचा गुडघा बदलायला निघालो त्याचा खुबाच खराब आहे, हे या स्कॅनमुळे वेळेवर कळले तर ती त्याची सर्वांत मोठी मदत. मात्र सुरुवातीच्या टप्प्यात असे मरणारे हाड सीटीत दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो.

याची दुसरी बाजूही आहे. जास्त दिसणे म्हणजे जास्त भले होणे, असे नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅममध्ये पन्नाशी ओलांडलेल्या, एक्स-रेवर गुडघ्याच्या संधिवाताची खूण नसलेल्या 710 जणांचे एमआरआय काढले. 2012 मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात 89 टक्के लोकांच्या गुडघ्यात काही ना काही बिघाड निघाला. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या 2007 च्या अभ्यासात धडधाकट फिरणाऱ्या 2000 जणांच्या मेंदूचे स्कॅन पाहिले, तर 7.2 टक्के लोकांत पूर्वी कधीतरी नकळत होऊन गेलेल्या झटक्याचे डाग होते आणि 1.8 टक्के लोकांत धमनीचे फुगे. आपण सगळेच असे काही ना काही अंगात घेऊन फिरत असतो. दक्षिण कोरियाने याची किंमत मोजली. तिथे कर्करोग तपासणीच्या कार्यक्रमासोबत जाता जाता गळ्याची सोनोग्राफी करून घेण्याची सवय लागली आणि 2011 मध्ये थायरॉइड कर्करोगाचे प्रमाण 1993 च्या 15 पट झाले. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. दरम्यान हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या. काहींना जन्मभर कॅल्शियमच्या गोळ्या लागल्या, काहींचा आवाज गेला.

म्हणून रोबोटसाठी काढलेला सीटी हा 'कर्करोगाचीही तपासणी होऊन जाते' असे सांगून खपवण्याचा प्रकार मला मुळीच मान्य नाही. कॉन्ट्रास्टशिवाय, ओटीपोटाचा अर्धामुर्धा भाग दाखवणारा स्कॅन ही तपासणी म्हणून निकृष्ट आहे. शिवाय त्याला किरणे लागतात. अमेरिकेत 2015 मध्ये छापलेल्या एका मोजणीत अशा नियोजन स्कॅनची मात्रा सरासरी सुमारे 5 मिलिसिव्हर्ट निघाली होती; निसर्गातून माणसाला वर्षभरात सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळते. नव्या कमी मात्रेच्या पद्धतींत हा आकडा खाली येतो. साठीच्या माणसासाठी ही मात्रा घाबरण्यासारखी नाही, पण विनाकारण दुसऱ्यांदा स्कॅन काढायला लावावा इतकी क्षुल्लकही नाही. सीटी यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, आणि केंद्रात तो मागून पाहायला हरकत नाही.

रोबोटने रुग्णाचा दीर्घकाळात किती फायदा होतो, याबद्दलही सावध राहिलेले बरे. कोरियात रोबोडॉकने आणि हाताने बदललेल्या गुडघ्यांची किमान 10 वर्षांनी तुलना केली, तेव्हा दुखणे, हालचाल आणि टिकाऊपणा यांत फरक सापडला नाही. ती जुनी यंत्रणा होती हे खरे. तरी सीटीचा खर्च, किरणे आणि अनपेक्षित निष्कर्षांची दगदग हे सगळे या व्यवहारातच धरायला हवे.

आता कळीचा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त सलतो. नियोजन स्कॅनचा प्रवास नेहमीच्या स्कॅनसारखा नसतो. नेहमी रुग्ण स्कॅन काढतो, रेडिऑलॉजिस्ट तो वाचतो, फिल्म आणि सही केलेला अहवाल पाकिटात येतो. नियोजन स्कॅनमध्ये माहितीची फाइल यंत्रणेच्या सॉफ्टवेअरकडे जाते, तिथे तंत्रज्ञ हाडे वेगळी काढतो, सर्जन आराखडा पाहून मान्य करतो. या कामासाठी हाडाभोवतालचे सगळे बाजूला सारलेले असते. रेडिऑलॉजिस्टच्या अहवालाशिवाय ही साखळी पुरी होऊ शकते, हाच खरा धोका. अहवाल झाला तरी तो 'गुडघ्याचा' म्हणून मागितलेला असेल, तर कटिभागाबद्दल एक ओळही नसू शकते. अहवालात ओळ असली तरी ती तिसऱ्या पानावर असते, आणि सर्जनच्या हातात तोवर आराखडा आलेला असतो.

वसई-विरारसारख्या शहरात या साखळीच्या कड्या आणखी लांब पसरतात. नालासोपारा, विरार, वसई आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व आसपासची गावे मिळून 2009 मध्ये महापालिका झाली, आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 12 लाखांच्या वर गेली. महापालिकेचे वसईत सर डी. एम. पेटिट रुग्णालय आहे, नालासोपाऱ्यात तुळिंजचे आहे; रोबोटने गुडघा बदलणे मात्र खासगी रुग्णालयांचे काम. रुग्णाचा स्कॅन एका केंद्रात होऊ शकतो, शस्त्रक्रिया दुसऱ्या गावात, फिटनेस देणारा फिजिशियन तिसरीकडे, आणि रक्तदाबाच्या गोळ्या देणारे फॅमिली डॉक्टर निर्मळला किंवा आगाशीला. यातला प्रत्येक जण आपले काम चोख करतो आणि तरी अंडाशयाची गाठ कोणाच्याच खात्यात पडत नाही. सर्जनला वाटते फिजिशियनने पाहिले असेल. फिजिशियनकडे छातीचा एक्स-रे आणि टू-डी इको असतात, पायाचा स्कॅन नसतोच.

यावर उपाय महागडा नाही. नियोजनाच्या प्रत्येक सीटीचा संपूर्ण अहवाल रेडिऑलॉजिस्टने लिहावा, त्यात गुडघ्याबाहेरच्या निष्कर्षांचा वेगळा परिच्छेद असावा आणि तातडीचे काही असेल तर सर्जनला फोन करावा. रुग्णालयाने एका माणसाचे नाव ठरवावे, मग तो सर्जन असो वा त्याचा सहायक, ज्याने शस्त्रक्रियेच्या तारखेआधी तो परिच्छेद वाचल्याची सही करायची. स्कॅन तारखेच्या दोन दिवस आधी न काढता दोन-तीन आठवडे आधी काढावा. तारीख पक्की झालेली असते, परदेशातल्या मुलाने रजा घेतलेली असते, अनामत भरलेली असते. त्या घाईत 'नंतर बघू' हे शब्द फार सहज निघतात.

काय सापडले तर शस्त्रक्रिया थांबवायची, याचे उत्तर बहुतेक वेळा सोपे असते. कर्करोगाचा रास्त संशय असेल, ज्या हाडात सांधा बसवायचा त्यातच संशयास्पद डाग असेल, धमनीचा फुगा असेल, तर गुडघा थांबू शकतो. तो वर्षानुवर्षे दुखतच आला आहे. मूत्राशयात वाढ असणाऱ्याने आधी मूत्ररोगतज्ज्ञ गाठावा, गरज पडली तर परळचे टाटा रुग्णालय. फायब्रॉइड, छोटी पाण्याची गाठ, आतड्याच्या पिशव्या यांसाठी थांबायचे कारण नसते. या दोन टोकांच्या मधे काही गोष्टी अशा आहेत की त्या शस्त्रक्रिया थांबवत नाहीत, पण तिची तयारी बदलतात. वाढलेले प्रोस्टेट आधीच कळले तर पाठीत भूल दिल्यानंतर लघवी तुंबण्याची शक्यता डॉक्टर गृहीत धरून ठेवतात. धमन्यांत चुना दिसला तर पायाच्या नाड्या तपासून मांडीला पट्टा आवळायचा की नाही हे ठरवता येते. हाडे विरळ दिसली तर ऑस्टिओपोरोसिसचे औषध सुरू करता येते. माझ्या मते या स्कॅनच्या अनपेक्षित लाभांत हे मधले निष्कर्ष सर्वांत उपयोगी आहेत, आणि त्यांचीच चर्चा सर्वांत कमी होते.

रुग्णाला यातले किती सांगायचे? कायद्याचा कल स्पष्ट आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2008 रोजी निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय व अंडाशय, आईची संमती घेऊन त्याच वेळी काढले होते. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि रुग्ण स्वतः शुद्धीवर येऊन निर्णय घेऊ शकत असताना दुसऱ्याची संमती चालत नाही, असे न्यायालयाने ठरवले. इथे गाठ काढण्याचा प्रश्न नसला तरी तत्त्व तेच लागू पडते: माहिती रुग्णाची, निर्णयही त्याचा. आपल्या घरांत मुले डॉक्टरांना बाजूला घेऊन 'आईला सांगू नका' म्हणतात. त्यामागची माया खरी असते, पण शरीर आईचे आहे. स्कॅनच्या संमतीपत्रातच एक वाक्य असावे, की या स्कॅनमध्ये गुडघ्याबाहेरचे काही दिसू शकते आणि ते तुम्हाला कळवले जाईल. आधीच सांगितलेले असले की नंतरचा फोन तितका घाबरवत नाही.

कागदपत्रांचा हक्कही माहीत असावा. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. महाराष्ट्राने जानेवारी 2021 मध्ये शुश्रूषागृहांचे नियम बदलून त्यात रुग्णहक्कांची सनद घातली. तेव्हा स्कॅनची सीडी आणि अहवाल दोन्ही मागून घ्यावेत, आराखडा झाला म्हणून ते रुग्णालयातच राहू देऊ नयेत. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे जुने रिपोर्ट. कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीत दहा वर्षांपूर्वीची सोनोग्राफी सापडली आणि त्यात तीच गाठ त्याच आकाराची असली, तर पुढच्या निम्म्या तपासण्या वाचतात. स्कॅनला जाताना ती पिशवी बरोबर न्यावी.

पैशांचे थोडक्यात. केंद्राने ऑगस्ट 2017 मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतींना मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याची कमाल किंमत 54,720 रुपये ठरली. ती मर्यादा सांध्यापुरती आहे, रोबोटचे शुल्क आणि स्कॅन तिच्यात येत नाहीत. विमा नियामकाने 2019 मध्ये रोबोटिक शस्त्रक्रियेला आधुनिक उपचारांच्या यादीत घेतले, त्यामुळे मेडिक्लेम ती सरसकट नाकारू शकत नाही, पण रकमेला मर्यादा असू शकते. स्कॅनमध्ये निघालेल्या गाठीची पुढची सोनोग्राफी गुडघ्याच्या दाव्यात धरली जाईल असे गृहीत धरू नये. पुढे नवी पॉलिसी घेताना तो निष्कर्ष लपवूही नये. 2024 च्या नियमांनी आधीच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त 3 वर्षांवर आणला आहे. लपवलेले उघडे पडले तर त्या सवलतीचाही उपयोग होत नाही.

आणि शेवटी डिस्चार्ज कार्ड. शस्त्रक्रिया यशस्वी होते, रुग्ण वॉकर घेऊन चालू लागतो, कार्डावर टाके काढण्याची तारीख, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि फिजिओथेरपी लिहिलेली असते. स्कॅनमधली ती गाठ, जिची सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायला सांगितले होते, तिचा उल्लेख नसतो. गुडघ्याच्या रुग्णाला पहिल्या वर्षात ठरावीक अंतराने सर्जनकडे दाखवायला बोलावतातच. त्यातल्याच एका भेटीसमोर 'सोनोग्राफीचा रिपोर्ट आणणे' एवढे लिहून ठेवले आणि फॅमिली डॉक्टरांच्या नावे दोन ओळींची चिठ्ठी दिली, तर वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही.